माझा डच गुच्छ काळ्या कागदावर स्टिकर चिकटवल्यासारखा का दिसतोय? (तैलरंग, मदत हवी)

मधलीसुट्टी

मंडळी, धागा थोडा प्रश्न आहे आणि थोडं रडगाणं, सांभाळून घ्या. ते सतराव्या शतकातले डच आणि फ्लेमिश गुच्छ असतात ना, मागे काळोख, मधे गुलाब आणि ट्यूलिप उसळून बाहेर आलेले, पानावर अळी, दगडी कठड्यावर गळून पडलेली एखादी पाकळी... तसलं एक तरी आपल्या हातून व्हायलाच हवं असं दोन वर्षं डोक्यात होतं. जलरंग बऱ्यापैकी येतात, तैलरंग अगदीच नवे. तरी पाच आठवडे रोज रात्री बसून एक कॅनव्हास केला, अकरा फुलं. प्रत्येक फूल सुटं बघितलं तर वाईट नाहीये हो, गुलाब गुलाबच वाटतो. पण चार पावलं मागे गेलं की लहान मुलाने काळ्या कागदावर स्टिकर चिकटवलेत असं दिसतं. घरचे म्हणाले "छान आहे की". त्या "की"मधेच सगळं आलं.

काय केलं ते सांगते. पांढरा कॅनव्हास, पेन्सिलने नीट ड्रॉइंग, मग एकेक फूल पूर्ण करत गेले आणि सगळ्यात शेवटी उरलेली जागा आयव्हरी ब्लॅकने भरून टाकली. समोर नेटवरचे फोटो, अकरा फुलांचे अकरा. कुठे माती खाल्ली?

चिकटराव

"उरलेली जागा आयव्हरी ब्लॅकने भरली" हे वाचून खुर्चीतून पडता पडता वाचलो.

बॅकग्राउंड ही उरलेली जागा नसतेच मुळी. ती आधी येते, आणि फुलांच्या कडांच्या खालून जाते. तुम्ही फूल पूर्ण करून त्याच्या भोवतीने काळा फिरवलात म्हणजे प्रत्येक पाकळीला कात्रीने कापल्यासारखी कड मिळाली, स्टिकर तिथेच झाले. वरून आयव्हरी ब्लॅक तेल पितो ढसाढसा आणि वाळतो गोगलगायीच्या चालीने, एकटा थापला की मेल्यासारखा सपाट दिसतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून बघा, काळाच होतो पण आत काहीतरी आहे असं वाटतं, आणि अंबर पटकन वाळतो हा फायदा वेगळा.

आणि तो काळोख सगळीकडे एकसारखा नको. उजेड जिकडून येतोय तिकडची बॅकग्राउंड जास्त गडद आणि सावलीच्या बाजूची किंचित उजळ ठेवायची. मग उजळ पाकळ्या गडदावर उठतात आणि सावलीतली पानं त्या उजळ भागावर गडद दिसतात.

सावली

चिकटराव म्हणतायत ते बरोबर, पण रोग त्याच्याही आधीचा आहे. अकरा फोटो म्हणजे अकरा सूर्य. एका फुलावर समोरून फ्लॅश, दुसऱ्यावर डोक्यावरचं ऊन, तिसरं ढगाळ हवेतलं. डोळ्याला कारण कळत नाही पण खोटं मात्र कळतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट. चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढ (एकेरीत बोलते, चालेल ना?) आणि डोळे किलकिले करून बघ. माझी पैज आहे की अकराही फुलं एकाच करड्या रंगाची दिसतील. जुना कुठलाही चांगला गुच्छ घे आणि मोज, खरोखर उजेडात किती फुलं आहेत ते. तीन, चार, फार तर पाच, आणि तीही मधे घोळक्याने. बाकीची अर्ध्या उजेडात. कडेची तर काळोखात विरघळत चाललेली, एखादीचा फक्त देठ आणि एक पाकळी दिसते. नाटकात सगळ्यांनाच नायक केलं तर बघायचं कुणाकडे?

मधलीसुट्टी

एकेरी चालेल नाही, धावेल ताई. फोटो काढला आत्ता. पैज जिंकलात. अकरा करड्या थाळ्या.

एक_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). मला अजून मूळ क्रमच कळलेला नाही, कुणी एकदा सुरुवातीपासून सांगाल का? काळ्यावर थेट पांढऱ्याने काढायचं का?

सावली

काळ्यावर थेट नाही. ते लोक बहुतेक वेळा रंगीत अस्तर, म्हणजे कॅनव्हासभर आधी दिलेला रंगाचा हात, घ्यायचे, तपकिरी किंवा राखाडी, मध्यम टोनचं. पांढऱ्या कॅनव्हासवर तुमचा पहिला गडद रंग फारच गडद वाटतो आणि पहिला उजळ रंग दिसतच नाही, म्हणून अंदाज सगळे चुकतात. मध्यम टोनवर दोन्ही बाजूंना जाता येतं.

मग ड्रॉइंग, मोघम. आणि मग ज्याला ते मृत रंग म्हणायचे तो थर, कमी रंगांत, सपाट, फूल म्हणजे नुसता गोळा. गुलाब म्हणजे एक चेंडू, ट्यूलिप म्हणजे अंडं. त्या चेंडूची उजेडाची बाजू, सावलीची बाजू, बस. पाकळी एकही काढायची नाही. मोह होतो, मला अजून होतो, पण इथे ज्याने पाकळ्या काढल्या त्याचा गुलाब पुढे कोबीचा गड्डा होतो. चेंडूवरचा उजेड आधी बसला की पाकळ्या त्या उजेडाच्या आत राहून काढायच्या, म्हणजे सावलीतल्या पाकळीची सगळ्यात उजळ कडसुद्धा उजेडातल्या पाकळीच्या सावलीपेक्षा गडदच राहते. हे वाक्य मी ईझलवर चिकटवून ठेवलंय.

तो थर पूर्ण वाळला की दुसऱ्या थरात खरे रंग आणि पाकळ्या, आणि तोही वाळला की ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ हात. शेवटी अगदी चार-दोन चकाकणारे ठिपके.

चिकटराव

क्रमात एक भर. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, उलट कधीच नाही. तेल जास्त असलेला थर सावकाश आणि जास्त काळ हलत राहतो. तो खाली आणि वर कोरडा कडक थर असं झालं की वरच्याला भेगा पडतात, आज नाही, काही वर्षांनी, तुम्ही कौतुकाने भिंतीवर लावल्यावर. तसंच ॲक्रिलिकच्या प्रायमरवर तैलरंग चालतो पण तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही नाही.

पांढरा कुठला हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. जुन्यांचा पांढरा म्हणजे लेड व्हाइट, शिशाचा, विषारी. नवशिक्यांनी नादाला लागू नये, आणि लागलातच तर वाळलेला थर पॉलिश पेपरने घासून धूळ उडवू नका. टायटॅनियम व्हाइट सुरक्षित आहे पण दांडगा आहे, मिसळला की सगळ्याला खडूसारखं करतो, हात आखडता ठेवा. झिंक व्हाइट दिसायला नाजूक पण वाळल्यावर ठिसूळ होतो.

उलटसुलट

मी जरा वेगळं बोलतो, मारायला येऊ नका. फोटोंना एवढी नावं का ठेवताय? मी फोटोवरूनच करतो. आणि ते जुने लोक तरी समोर गुच्छ ठेवून कुठे काढायचे? ट्यूलिप वसंतातलं, गुलाब उन्हाळ्यातला, दोन्ही एकाच फुलदाणीत ताजे टवटवीत! तो गुच्छ कधी अस्तित्वातच नव्हता.

सावली

अर्धं बरोबर बोललात आणि त्या अर्ध्यातच उत्तर आहे. गुच्छ नव्हता, पण फुलं होती. थोरला यान ब्रुगेल, अँटवर्पचा फुलं काढणारा चित्रकार, त्याचं १६०६ मधलं पत्र आहे, मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला लिहिलेलं, त्यात तो सांगतो की काही फुलं प्रत्यक्ष बघून काढायला तो अँटवर्पहून ब्रसेल्सला गेला कारण अँटवर्पमधे ती मिळेनात. पुढचा डच फुलांचा चित्रकार यान व्हान हाउसुम, त्याचं चित्र अडून बसलं होतं कारण पिवळा गुलाब फुलायचा होता. त्याच्या काही चित्रांवर दोन दोन सालं आहेत. म्हणजे एकेक फूल समोर ठेवून अभ्यासायचं, आणि गुच्छ मात्र डोक्यात रचायचा. तुम्ही नेमकं उलटं करता, फूल दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून घेता.

कॅमेऱ्याचा त्रास असा की तो सावली काळी करून टाकतो आणि पांढरं फूल जाळून टाकतो. सावलीत जो हिरवट उबदार रंग असतो, पाकळीच्या आरपार येणारा जो उजेड असतो, तो फोटोत आलाच नाही तर तुम्ही काढणार कुठून?

उलटसुलट

हम्म. पाकळीच्या आरपार उजेडाचा मुद्दा मान्य. पण फुलं कोमेजतात त्याचं काय? मी एकदा बसलो होतो समोर ठेवून, तासाभरात ट्यूलिपने मानच वळवली.

सावली

वळवणारच. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहतं आणि उजेडाकडे वाकतं. गुलाब गरम दिव्याखाली बघता बघता उमलतो. म्हणून क्रम फुलांच्या स्वभावावरून ठरवायचा. पॉपी, आयरिस ही दोन दिवसांची पाहुणी, ती आधी. कार्नेशन बिचारं टिकतं, ते शेवटी. आणि दिवा एलईडीचा ठेव, गरम न होणारा, एकाच जागी, डावीकडून आणि थोडा वरून. डावीकडून का, तर उजव्या हाताने काढणाऱ्याची स्वतःच्या हाताची सावली चित्रावर पडत नाही. डावखुऱ्यांनी खुशाल उलट करावं.

एका फुलाला दोन तास, छोट्या बोर्डावर, त्याच दिव्याखाली. सरळ, तिरकं, पाठमोरं. पाठमोरं फूल विसरू नका! नवशिक्याच्या गुच्छात सगळी फुलं वर्गाच्या फोटोसारखी समोर बघत उभी असतात. असे दहा-बारा अभ्यास जमले की ते कागदावर हलवून हलवून गुच्छ रचायचा. दिवा एकच असल्यामुळे ती एकमेकांशी भांडत नाहीत.

कोपऱ्यातला

एरवी फक्त वाचत असतो, आज राहवलं नाही. रचनेसाठी विलेम व्हान आल्स्टचे गुच्छ बघा असं सुचवेन. त्याच्या आधीच्या लोकांचे, म्हणजे आंब्रोसियुस बोसखार्टचे वगैरे, गुच्छ सरळ उभे, प्रत्येक फूल हजेरी दिल्यासारखं सुटं दिसतं. व्हान आल्स्ट गुच्छ तिरका करतो, एका बाजूला झुकलेला, त्यामुळे वारा शिरल्यासारखा वाटतो.

त्याचीच शिष्या राखेल राउश. १६७९ मधे पंधराव्या वर्षी शिकायला गेली. वडील वनस्पती आणि शरीररचनेचे अभ्यासक, घरात नमुन्यांचा संग्रह. पुढे दहा मुलं झाली, ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार झाली, आणि १७४७ मधल्या चित्रावर सहीबरोबर वय लिहिलंय, ८३.

मधलीसुट्टी

दहा मुलं. आणि मी रात्री अकराला ब्रश धुवायचा कंटाळा करते.

ताई, बोसखार्टचे "सुटे" गुच्छ पण सुंदरच दिसतात की, मग माझेच सुटे स्टिकर का?

सावली

चांगला प्रश्न. कारण त्याच्याकडे उजेड एकच आहे आणि कडा सगळ्या सारख्या नाहीत. चित्र मोठं करून बघ, उजेडाकडची पाकळीची कड लख्ख आणि तीच पाकळी सावलीकडे गेली की कड मऊ होत मागच्यात मिसळते. ओल्या बॅकग्राउंडमधे ओल्या पाकळीची कड कोरड्या मऊ ब्रशने नुसती एकदा ओढायची. एकदाच. तिसऱ्यांदा ओढली की चिखल.

एक_वाचक

पांढरा गुलाब पांढऱ्याने काढला तर खडू दिसतो, लाल गुलाब सावलीत काळा घातला तर जळका. उपाय?

चिकटराव

पांढऱ्या गुलाबात पांढरा जवळपास नसतोच. त्याचा मोठा भाग करडा, कुठे थंड, कुठे शेजारच्या पानामुळे हिरवट, खोलात पिवळसर उबदार. शुद्ध पांढरा फक्त एक-दोन पाकळ्यांच्या वळलेल्या कडेवर. बाजूला शुद्ध पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून बघा, आपला "पांढरा" गुलाब किती मळका आहे ते कळेल.

लाल एका थरात करूच नका. खाली व्हर्मिलियनसारखा अपारदर्शक नारिंगीकडे झुकणारा लाल, त्यात उजेड-सावली पूर्ण करा, वाळू द्या, मग वरून पारदर्शक गडद लालचा ग्लेझ. उजेड वरच्या थरातून खाली जाऊन परत येतो म्हणून तो लाल आतून पेटल्यासारखा दिसतो. जुने लोक वर मंजिष्ठाच्या मुळाचा किंवा किड्यापासून केलेला लाल वापरायचे, ते उजेडाने उडतात. ॲलिझरिन क्रिमसनही उडतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोनचा पारदर्शक लाल घ्या.

उडण्यावरून आठवलं. व्हान हाउसुमच्या काही चित्रांत पानं निळी दिसतात ना, ती त्याने निळी काढलेली नाहीत. निळ्यावर वनस्पतीच्या पिवळ्या रंगाचा ग्लेझ देऊन हिरवं केलं होतं, पिवळा उडाला, निळा उरला. आणि आब्राहम मिन्योनच्या एका चित्रातला पिवळा गुलाब आज अगदी सपाट दिसतो, कारण त्यातला आर्सेनिकचा पिवळा रंग काळाच्या ओघात बिघडला. तेव्हा जुनं चित्र जसंच्या तसं उतरवताना आपण कधी कधी त्याचा आजारही उतरवत असतो.

पानांसाठी ट्यूबमधला हिरवा थेट नको, डोळ्यात जातो. पिवळ्यात थोडा काळा घालून बघा, हिरवाच होतो, आणि काळोखात शोभणारा होतो.

उलटसुलट

काळा अखेर कामाला आला तर! बरं, दवबिंदू सांगा कुणीतरी, माझे मोत्यासारखे दिसतात.

सावली

कारण तुम्ही मोत्यासारखा उजेड देता. मोती उजेडाच्या बाजूला उजळ आणि पलीकडे गडद. थेंब उलटा असतो. उजेड ज्या बाजूने येतो तिकडे थेंबाच्या आत गडद, त्यावर टाचणीच्या टोकाएवढा चकाकता ठिपका, आणि पलीकडच्या बाजूला आतून उजळ, कारण उजेड आरपार जाऊन तिकडे गोळा होतो. खाली छोटी सावली आणि त्या सावलीत पुन्हा एक उजेडाचा डाग. रंग पानाचाच, फक्त जरा गडद-उजळ. पाच फटके. पण दोन थेंब पुरे हं, नाहीतर पाऊस पडून गेलाय असं वाटतं.

कोपऱ्यातला

फुलपाखराबद्दल एक गंमत. ओटो मार्सेउस व्हान स्क्रीक म्हणून एक होता, जंगलातली जमीन, साप, बेडूक काढणारा. त्याने काही चित्रांत खऱ्या फुलपाखराचे पंख ओल्या रंगात दाबून त्यांची पूड उमटवली आहे. कुणी करून बघू नये, आपण आपले ब्रशच बरे.

चिकटराव

जाता जाता एक गंभीर. जवसाच्या तेलाची (तैलरंगात तेच असतं) चिंधी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, चुरगळलेल्या चिंधीत ती अडकते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन वापरत असाल तर खिडकी उघडी.

मधलीसुट्टी

(सात आठवड्यांनी) धागा वर काढते.

मंडळी, दुसरा कॅनव्हास. तपकिरी अस्तर, एक दिवा, डावीकडून. अभ्यास नऊ केले, त्यातली सात फुलं घेतली. चेंडू आणि अंड्यांचा थर झाला तेव्हा घरच्यांनी विचारलं हे बटाटे आहेत का, मी म्हटलं हो. पाकळ्या काढल्या नाहीत, हात बांधून बसले अक्षरशः.

मग एक घोळ केला. लाल गुलाबावर ग्लेझ द्यायची घाई झाली, वरून वाळल्यासारखा वाटला, बोट लावून बघितलं, लागला नाही. ब्रश फिरवला आणि खालचा व्हर्मिलियन ग्लेझमधे विरघळून वर आला, सगळी पाकळी गढूळ. पुसली, परत केली, दहा दिवस थांबले.

पण खरा प्रश्न पिओनीचा झाला. ती माझ्याकडून जमलेली सगळ्यात चांगली गोष्ट, दोन रात्री तिच्यावर घालवल्या, प्रत्येक पाकळी. आणि ती नेमकी उजवीकडे खाली, सावलीत. कृष्णधवल फोटो काढला तर डोळा सारखा तिच्याकडे. मधला गुलाब बिचारा बाजूला. चार दिवस नुसती बघत बसले.

सावली

मग?

मधलीसुट्टी

मग काल रात्री अंबर आणि अल्ट्रामरीनचा पातळ ग्लेझ केला आणि तिच्यावरून फिरवला. सगळ्या पिओनीवर. एक पाकळी तेवढी चिंधीने पुसून मोकळी ठेवली, वरची. बाकीच्या आहेत आत, जवळ गेलं की दिसतात.

उलटसुलट

दोन रात्रींचं काम!! फोटो टाका लवकर.

चिकटराव

वाळू दे आधी. आणि व्हर्निश निदान सहा महिने नाही हां, कुठे कुठे मॅट आणि निस्तेज दिसायला लागलं तरी. तोवर तेवढ्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घे.

मधलीसुट्टी

सहा महिने! बरं. फोटो उद्या दिवसा काढते, आत्ता दिव्यात पिओनी दिसतच नाहीये.